गाडीचं दावं

नमस्कार मंडळी,

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो आणि खोटं कशाला बोलू, बहुतेकदा हसत वाचतो. कुणाच्या मागं पावलं वाजतात, कुणाला माळावर दिवे दिसतात... मी मनात म्हणतो, अरे बाबा, एक टॉर्च आण, एक टेस्टर आण, बघ सापडतं का नाही ते. माझा धंदाच शोधण्याचा आहे. जे बिघडतं त्याला कारण असतं, आणि कारण असलं की ते मला सापडतं. आता जे सांगणार आहे ते मात्र मला सापडलेलं नाही, म्हणूनच लिहायला बसलोय.

मी दिलीप. घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, गॅरेज उद्यमनगरात. डिझेल गाड्यांची इंजिनं आणि त्यांचं वायरिंग, एवढंच काम करतो. पण करतो ते असं, की इतरांनी हात टेकलेल्या गाड्या शेवटी माझ्या दारात येतात. सांगलीहून येतात, निपाणीहून येतात. याला कुणी बढाई म्हणत असेल तर खुशाल म्हणा. डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा एक पिवळा दिवा असतो ना, चेक लाईट — तो लागलेली गाडी माझ्या गॅरेजातून तशीच बाहेर पडली, असं कधी झालेलं नव्हतं. काही जण दिव्याचा बल्बच काढून ठेवतात. काही जण स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला दोषाचा कोड नुसता पुसतात आणि चावी गिऱ्हाइकाच्या हातात देतात. आपल्याकडं ते चालत नाही. आधी दोष काढायचा, मग दिवा आपोआप विझतो. माझं हे वाक्य माझा भागीदार इक्बालभाई येणाऱ्याजाणाऱ्याला माझीच नक्कल करून ऐकवतो.

इक्बालभाई आमच्याकडं डेंटिंग-पेंटिंगचं बघतो. आम्ही एका शाळेत, एका बाकावर होतो. त्यामुळं तो मला चारचौघांत दिल्या म्हणतो आणि मला ते ऐकून घ्यावं लागतं.

आता मुद्द्याचं. माझी मुलगी तेजश्री, आमची तेजू, जनावरांची डॉक्टर झाली. आमच्या भावकीत पहिली डॉक्टर. नोकरी बघ म्हणून सगळे मागं लागले होते, पण तिनं कुरुंदवाडला खोली घेतली आणि स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. नदीकाठचा भाग, दारोदारी म्हशी, दुधावर चालणारी घरं. ही एवढीशी पोरगी म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं रेडकू सरळ करते, हे बघायला सुरुवातीला माणसं गोठ्याबाहेर जमायची. मीही एकदा त्या गर्दीत उभा होतो. ती डोळे मिटून, दात आवळून आत हात फिरवत होती, आणि मला एकदम वाटलं, अरे, मी इंजिन न उघडता आतलं ऐकतो तसंच हे आहे! तो दिवस मी विसरणार नाही. परत आल्यावर इक्बालभाईला म्हटलं, हे रक्तातच आहे. तो म्हणाला, "म्हशीला इचार की, तुझा हात चालंल काय."

तर तिला गाडी पाहिजे होती. मळ्यातल्या वस्त्या, उसातल्या पाणंदी, पावसात गुडघाभर चिखल. दुचाकीचं ते काम नव्हतं. नवी नको म्हणाली. "पप्पा, तुम्ही बघून द्याल ती चालंल मला." या एका वाक्यावर मी जिल्हा पालथा घातला.

राधानगरीच्या अलीकडं एका गावात मनासारखी सापडली. पांढरी, चौकोनी तोंडाची जुनी एसयूव्ही, पहिल्यापासून एकाच घरात वापरलेली. दुधाचा धंदा असलेलं शेतकरी घर होतं. घरचे थोरले, आबा, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं गेले होते, म्हणून व्यवहार त्यांचा मुलगा विलास यानं केला. तेजूला बरोबर घेऊन गेलो होतो. मी बोनेट उघडलं, कान लावला, स्कॅनर लावला. एक कोड नाही, कुठं तेलाचा थेंब नाही. जीव लावून सांभाळलेली गाडी होती, हे टायरच्या मडगार्डाच्या आत बोट फिरवलं तरी कळत होतं.

निघताना एक बारीकशी गोष्ट झाली. आतल्या आरशाला कंडा बांधलेला होता. बैलाच्या गळ्यात घालतात तो, काळ्या लोकरीच्या पिळाचा, लाल गोंड्याचा, मधे एक पितळी घुंगरू. विलासचा हात तो सोडायला वर गेला. तेजू म्हणाली, "राहू दे की दादा. जनावरांची डॉक्टर मी, मला शोभतोय."

विलास जरा घुटमळला. मग म्हणाला, "ताईस्नी आवडला असंल तर ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी तेजू गाडी घेऊन कुरुंदवाडला निघाली आणि इचलकरंजीच्या आधीच तिचा फोन आला. "पप्पा, गाडी झटके मारायलीय. पिवळा दिवा लागलाय."

याला आम्ही मिसिंग म्हणतो. चारातला एक सिलिंडर आपली पाळी चुकवतो, ताकद तुटते आणि गाडी लंगडल्यासारखी चालते. मी तिला म्हटलं, घेऊन ये परत, तासाभराचं काम आहे. ती वळून आली. आली ती एकदम सरळ! दिवा विझलेला, आवाज साखरेसारखा गोड. पण स्कॅनरमध्ये कोड नोंदलेला होता — तिसऱ्या सिलिंडरला मिसिंग.

मग मी हात घातला. डिझेल फिल्टर बदलला, टाकीत पाणी आहे का बघितलं. तिसऱ्याचं नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, काढून पहिल्याला टाकलं. दोष नोझलात असेल तर कोड त्याच्या मागं पहिल्याला जायला पाहिजे, वायरिंगमध्ये असेल तर तिसऱ्यालाच राहायला पाहिजे. साधा हिशेब आहे. कोड गेला चौथ्याला! वायरिंग उंदरानं कुरतडलंय का म्हणून वीतवीत तपासलं, अर्थिंग नवं केलं, कॉम्प्रेशन मोजलं. सगळं जिथल्या तिथं. गॅरेजात उभी करून कितीही रेस करा, मिसिंग नाही म्हणजे नाही. आणि तेजूनं कुरुंदवाडचा रस्ता धरला की दिवा लागलाच. एकदा दुसऱ्या सिलिंडरचा कोड, एकदा पहिल्याचा. दोष एका जागी राहीना. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या इंजिनचा राग यायला लागला.

तोवर ठीक होतं. मग तो दिवस आला.

कुरुंदवाडच्या पुढं मळ्यात बाळगोंडा अण्णा म्हणून शेतकरी आहेत. त्यांची म्हैस अडली. गर्भाशयाला पीळ पडलेला, अशा वेळी डॉक्टर लवकर पोचला तर दोन्ही जीव वाचतात. तेजू निघाली आणि गाडी वाटेतच बसली. नुसतं मिसिंग नाही, बंदच पडली. दुपारचं ऊन, रस्त्याला चिटपाखरू नाही. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून, औषधाची पेटी मांडीवर घेऊन ती पोचली. म्हैस वाचवली तिनं. रेडकू मात्र गेलं होतं.

अण्णा तिला काही बोलले नाहीत. पण गावात एक वाक्य फिरायला लागलं. ते तिनंच मला फोनवर सांगितलं. "लोक म्हणतात, डॉक्टरीण चांगली हाय, पण तिची गाडी यील तवा खरी." मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही निवडलेली गाडी आहे म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. पण आज माझं नाव गेलं."

रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. गाड्या बिघडतात, त्याचं मला काय एवढं... पण माझ्या पोरीचा हात सोन्याचा आहे, आणि तो हात वेळेवर पोचत नाही माझ्या गाडीमुळं? गाडी दोरानं ओढत, टोचन करून गॅरेजात आणली आणि इक्बालभाईला सांगितलं, आज दुसरं काम घ्यायचं नाही. टोचनाचा तो जाड दोर मागच्या डिकीतच राहिला, हे लक्षात ठेवा.

गॅरेजात सेल मारला, गाडी पहिल्या फटक्यात सुरू. आम्ही दोघं ट्रायलला निघालो. ट्रायलला आम्ही नेहमी राधानगरी रस्त्यालाच जातो, रंकाळा तलाव मागं पडला की रस्ता मोकळा मिळतो. जाताना नेहमीसारखीच गाडी सुरेख चालली. परत वळलो आणि मिसिंग सुरू, दिवा लागला. आजवर मी याचा अर्थ असा लावत होतो, की इंजिन तापलं की दोष येतो. जाताना थंड असतं, येताना तापतं.

इक्बालभाई म्हणाला, "मग थंड करून बघूया की."

वाटेतल्या हळदी गावाजवळ एका टपरीवर गाडी लावली. चहा झाला, भजी झाली, परत चहा झाला. बोनेटवर हात ठेवून बघितलं, गार. गाडीचं तोंड कोल्हापूरकडं होतं. सेल मारला, पहिल्या गिअरलाच झटका. दिवा लागला. मी म्हटलं, वळवून बघू. तिथंच वळवून राधानगरीकडं तोंड केलं... काय सांगू तुम्हाला, मिसिंग थांबलं. थोडं पुढं गेलो, दिवा विझला. परत वळवली, परत लंगडायला लागली. पुन्हा राधानगरीकडं, पुन्हा सरळ. तिकडचा रस्ता चढाचा आहे हो! चढाला इंजिनवर जोर जास्त, दोष असेल तर तिकडं जाताना वाढायला पाहिजे. इथं सगळं उलटं. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की गॅरेजात गाडी उभी असते ती तोंड रंकाळ्याकडं, म्हणजे राधानगरीच्याच दिशेला करून.

टपरीवाला आमच्याकडं बघत होता. एकाच जागी गोल गोल फिरणारी दोन पिकल्या केसांची माणसं.

इक्बालभाई खाली उतरला, गाडीकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "दिल्या, हिचं मन लागंना झालंय तुझ्याकडं."

"मन? इंजिन हाय ते," मी ओरडलो.

"मग घाल स्कॅनर आणि सांग कुठला कोड हाय ह्याला."

मी म्हटलं, जिथनं आणली तिथं जाऊन तर बघू. विलासला विचारू, कधी कुठं वायरिंगला हात लावला होता का. अर्धी वाट आलोच होतो. गाडी आम्हाला घेऊन निघाली ती अशी, की मला गिअर टाकायचीसुद्धा आठवण राहिली नाही.

घरासमोर कट्ट्यावर एक म्हातारा काळा चष्मा लावून बसला होता. आम्ही अजून वळणावर होतो, गाडी दिसलीसुद्धा नसेल, तोवर तो उठून उभा राहिला. "आली व्हय गं!" एवढंच म्हणाला. हेच आबा. अंगणात जाऊन मी गाडी थांबवली आणि खाली उतरून बघतो, तर जुन्या तेलाचा जमिनीत मुरलेला काळा डाग बरोबर इंजिनखाली. तिची रोजची जागा. मी मुद्दाम लावली नव्हती.

आबांनी आधी आमच्याकडं बघितलंच नाही. बोनेटवरनं हात फिरवला, दाराच्या कडेवरनं फिरवला. मग म्हणाले, "पावणं, ह्या गाडीनं माझ्या दोन लेकींची लग्नं केली. धाकट्या नातवाला रस्त्यात जलम दिला हिच्यात. आनि एकदाबी कुठं बसली न्हाय. एकदाबी!" त्या म्हाताऱ्याच्या छातीत जो अभिमान होता तो मी ओळखला. माझ्याही छातीत तसलाच असतो.

मी सगळं सांगितलं. मिसिंग, दिवा, उलटंसुलटं तोंड. ते ऐकत होते, पण त्यांची नजर आत आरशावर गेली आणि तिथंच थांबली. एकदम आवाज चढला. "इलास! ए इलास! हिकडं ये!"

विलास गोठ्यातनं धावत आला.

"आपल्या हौश्या बैलाचा कंडा गाडीसंगं दिलास?"

विलासनं मान खाली घातली. "ताईस्नी आवडला म्हनून..."

"ताईस्नी नवा घिऊन द्यायचा हुता! मी डोळं करून घ्यायला गेलो, तर घरची रीतबी आंधळी झाली व्हय?"

मग माझ्याकडं वळून जरा खालच्या आवाजात सांगितलं. "जनावर इकलं तर त्येचं दावं, कंडा, घंटी आपल्या घरात ठिवायची. घेनाऱ्यानं आपलं दावं घिऊन यायचं आनि त्येनं न्यायचं. न्हायतर जनावराला कळत न्हाय, आपन दुसऱ्याचं झालोय म्हनून. त्ये आपलं घराकडंच पळतंय."

ही रीत मला ऐकून माहीत होती. बैलबाजारात कुणीही सांगेल. मी हसलो. "आबा, गाडी हाय की ही."

"गाडी हाय तर मग कंडा कशाला ठिवून घेतलासा?"

इक्बालभाईनं तोंड फिरवलं. हसत होता, नक्की.

आबांनी विचारलं, "चालवतं कोन हिला?"

मी तेजूचं सांगितलं. सांगायला लागलो आणि थांबताच येईना. ट्रॅक्टरवर बसून कशी गेली, म्हैस कशी वाचवली, लोक काय म्हणतात, सगळं सांगितलं. आबा ऐकून घेऊन म्हणाले, "जनावरांची डाक्टर व्हय? मग चांगल्या घरी पडलीया की ही. येवस्थित लावून दिऊया."

त्यांनी सुनेला हाक मारली. तिनं तांब्या आणला, चारी चाकांवर पाणी घातलं, बोनेटला हळदकुंकू लावलं. आबांनी स्वतः आत वाकून आरशाचा कंडा सोडला. गाठ घट्ट होती, त्यांना नीट दिसत नव्हतं, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. घुंगरू एकदा वाजलं. कंडा खांद्यावर टाकून ते मला म्हणाले, "आता तुमचं दावं आना."

"माझ्याकडं कुठलं दावं?"

इक्बालभाईनं डिकी उघडली आणि टोचनाचा दोर काढून त्यांच्या हातात दिला.

पुढचं लिहायला मला अजून संकोच वाटतो. आबांनी दोर पुढच्या हुकाला बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. इक्बालभाई स्टेअरिंगवर बसला, गिअर काढला, ब्रेक सोडला. आणि मी — उद्यमनगरातला दिलीप, स्कॅनरशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा — ती दोन टनाची गाडी दोरानं ओढत अंगणातनं बाहेर निघालो. विलास आणि त्याचा शेजारी मागनं ढकलत होते. गल्लीतल्या बायका दारात आल्या. कुणी हसलं नाही, याचं मला नवल वाटलं. आबा बाजूनं चालत होते, हात बोनेटवर. फाटकाबाहेर गाडी आली तसे ते थांबले. "जा," म्हणाले. "पोरीचं नाव राख." आणि माघारी फिरले ते परत वळून बघितलं नाही त्यांनी.

मी दोर सोडला, गाडीत बसलो, कोल्हापूरकडं तोंड केलं. चावी फिरवली.

मिसिंग नाही. हळदी गेली, टपरी गेली, रंकाळा आला. दिवा लागला नाही. इक्बालभाई सारखा वाकून डॅशबोर्ड बघत होता. गॅरेजला न थांबता तसेच पुढं गेलो. इचलकरंजी मागं पडली, कुरुंदवाड आलं. तेजू दारात उभी होती. मी इंजिन चालूच ठेवून उतरलो आणि म्हटलं, ऐक. ती ऐकत राहिली. मग तिनं घरमालकिणीकडनं तांब्या मागून आणला आणि पुन्हा चाकांवर पाणी घातलं. मी तिला काही सांगितलंही नव्हतं तोवर. "नवीन जनावर आलं की घालतात ना पप्पा," म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, कुठलीतरी तार ढिली होती, धक्क्यानं बसली. मीही तेच म्हणत होतो. पण तार ढिली असेल तर तिला दिशा कशी कळते? पुढच्या सर्व्हिसिंगला मी मुद्दाम बाजारातनं नवा कंडा आणून त्याच आरशाला बांधला, म्हटलं त्यातल्या घुंगराचा काही संबंध आहे का बघू. हळदीपर्यंत जाऊन आलो. काहीही झालं नाही, म्हणून काढून टाकला. पुण्यात मोठ्या कंपनीत असलेल्या भाच्याला विचारलं, तर त्यानं इंग्रजीत बराच वेळ सांगितलं आणि शेवटी म्हणाला, मामा, असं होऊ शकत नाही. एवढं मलाही माहीत होतं.

आणि त्या बाळगोंडा अण्णांचं सांगायचं राहिलं. पावसाळ्यात त्यांची दुसरी म्हैस अडली. गावातल्यांनी दुसऱ्या डॉक्टरचं नाव सुचवलं होतं म्हणे. अण्णांनी तेजूलाच फोन लावला. रस्त्यावर पाणी आलेलं, पाणंद चिखलानं भरलेली, आणि ती जुनी गाडी एक झटका न मारता गोठ्याच्या तोंडापर्यंत गेली. म्हैस वाचली, रेडी झाली. मी दोन दिवसांनी तिकडं गेलो तेव्हा अण्णांनी मला हाताला धरून गोठ्यात नेलं, रेडी दाखवली आणि मोठ्यानं म्हणाले, "तुमच्या डाक्टर अक्काची गाडी येती बघा वेळंवर!" गोठ्यात चारपाच माणसं होती. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं म्हणाले ते. माझी मान एवढी ताठ झाली की दुखायला लागली.

त्याच दिवशी अण्णांनी स्वतःच्या हातानं एक नवा कंडा गाडीच्या आरशाला बांधला. काळा, लाल गोंड्याचा. मी नको म्हणणार होतो. तेजूनं डोळे वटारले.

इथंच संपलं असतं तर मी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण तेव्हापासून सर्व्हिसिंगला गाडी आणायला मी बसनं कुरुंदवाडला जातो, कारण तेजूला वेळ नसतो. मी एकटा गाडी घेऊन कोल्हापूरकडं निघतो आणि इचलकरंजी सोडली की पिवळा दिवा लागतो. बारीकसं मिसिंगही असतं. स्कॅनर लावतो, कधी दुसऱ्या सिलिंडरचा कोड असतो, कधी चौथ्याचा. उघडून बघतो, दोष नसतो. सर्व्हिसिंग करून परत कुरुंदवाडचा रस्ता धरला की थोड्या अंतरावर मिसिंग थांबतं, आणि पंचगंगेच्या पुलाच्या आसपास कधीतरी दिवा विझलेला दिसतो. का, ते मला सांगता येत नाही. ज्याला येत असेल त्यानं जरूर कळवा, चहा माझ्याकडून.

तर माझ्या गॅरेजातून चेक लाईट लागलेली बाहेर पडणारी ही एकच गाडी. इक्बालभाई गिऱ्हाइकांना बोट दाखवून सांगतो, "बघून घ्या, आमच्या दिल्याला ही एक जमली न्हाय." गिऱ्हाइकं माझ्याकडं बघतात. मी कोड पुसत नाही, बल्ब काढत नाही. दिवा तसाच लागलेला ठेवून गाडी रस्त्याला काढतो आणि सांगतो, माझ्या पोरीची गाडी आहे ती. घराकडं निघाली की विझेल.